दोन दाबांची सरासरी

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी बाबा गच्चीवर आले नाहीत. "वारा नाही," म्हणाले आणि पेपर उघडून खुर्चीत बसले. वारा होता. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरून "लपेट, लपेट" अशा पतंग कापल्याच्या आरोळ्या सकाळपासून चालू होत्या आणि आमच्या खिडकीतून पतंगांची गर्दी दिसत होती. मी बडोद्यात वाढले. वारा नसला की हे शहर त्या दिवशी कसं चिडचिडं होतं, ते मला माहीत आहे. त्या दिवशी कुणीही चिडलेलं नव्हतं.

आईने चिक्कीचं ताट माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "तीन मजले चढवत नाहीत त्यांना. जिन्यात मधेच थांबतात आणि फोन बघितल्यासारखं करतात. फोन बंदच असतो."

"मग डॉक्टरकडे?"

"तू ने. माझं ऐकतात का ते?"

माझंही ऐकत नाहीत, पण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टर परवडला असं त्यांना वाटलं असावं. त्याचं कारण सांगते. मी रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. गट म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, एक प्रिंटर, आणि एकमेकांशी अजिबात न पटणारी आम्ही सहा-सात माणसं. पत्रकं आम्ही गुजरातीत छापतो आणि त्यावरून मराठीत भांडतो. पत्रक लिहायला लागलं की बोलणंही तसंच होऊन जातं: पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसरीत मागणी. घरातल्या लोकांना हे फार आवडतं असं नाही. "भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हण ना," आई म्हणते, "जाहीर निषेध कशाला?"

बाबांचं आयुष्य गोरव्याच्या एका केमिकल कारखान्यात गेलं. इन्स्ट्रुमेंट खातं. पाइपांवर प्रेशरचे गेज लावायचे, काढायचे, तपासून परत लावायचे. आमच्या घरात कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली तरी ते पेपरातून मान वर करतात. दाब ही गोष्ट त्यांच्या घरची आहे, असं म्हणायला हरकत नाही. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

पहिली तपासणी बडोद्यातच, अकोट्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. छातीवर स्टेथोस्कोप ठेवताच तिथल्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी लगेच इको काढायला पाठवलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तासाभराने रिपोर्ट आला. हृदयातून अंगभर रक्त नेणारी जी मोठी वाहिनी असते, तिच्या तोंडाशी एक झडप असते. बाबांची ती झडप चुन्याचा थर बसावा तशी कडक झाली होती, नीट उघडत नव्हती. हृदयाला त्या चिंचोळ्या फटीतून रक्त ढकलावं लागत होतं. झडपेच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांत किती फरक पडतो, त्यावरून आजार किती पुढे गेलाय ते ठरतं. रिपोर्टात तो फरक सेहेचाळीस लिहिला होता.

"चाळीसच्या वर म्हणजे गंभीर," डॉक्टर म्हणाले. "काका, झडप बदलावी लागेल."

बाबांनी रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. "पण मोजलं कुठे? मला तर सुईसुद्धा टोचली नाही."

"टोचायची गरज नाही. मशीन रक्ताचा वेग बघतं, त्यावरून दाबाचा अंदाज काढतं."

अंदाज हा शब्द त्यांनी उच्चारला आणि माझ्यातलं पत्रक जागं झालं. "अंदाजावर तुम्ही छाती उघडणार?"

"तमे डॉक्टर छो, बेन?"

"मी पेशंटची मुलगी आहे. समजावून सांगणं तुमचं काम आहे, डॉक्टर असणं माझं नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. समजावून सांगितलं नाही. बाबांनी माझं मनगट धरून मला बाहेर आणलं आणि लिफ्टमध्ये म्हणाले, "लोक बघत होते."

"बघू देत."

"तुझं बरोबर असतं गं. पण तू बरोबर असलीस की कान दुखतात."

घरी आल्यावर मात्र त्यांची स्वतःचीच तक्रार सुरू झाली, आणि ती माझ्यापेक्षा मुळातली होती. आई पोळ्या लाटत होती, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिला सांगत होते. पाइपातला दाब मोजायचा तर पाइपाला भोक हवं, भोकात गेज हवा. भोक नाही, गेज नाही, आणि हा माणूस म्हणतो सेहेचाळीस! बाहेरून पाइपाचा फोटो काढून आत किती प्रेशर आहे ते सांगायचं, असं त्यांच्या कारखान्यात कुणी केलं असतं तर त्याला गेटबाहेर घालवला असता.

"तुम्ही पाइप आहात का?" आई म्हणाली.

"तत्त्व तेच."

"मग तत्त्वाला सांगा, जिना चढताना फोन बघत जाऊ नको."

मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. आमच्या प्रत्येक पत्रकात ते असतंच: शस्त्रक्रियेचं नाव निघालं की दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. ते मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते, आणि या सगळ्या प्रकरणानंतर तर जास्तच जोरात म्हणते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला, एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथे गर्दी इतकी की बाकडी भरून लोक जिन्यात बसले होते. आमचा नंबर आला, बाबा आत गेले, आणि मी पाण्याची बाटली भरून येईपर्यंत ते शर्टाची बटणं लावत बाहेरसुद्धा आले होते. रिपोर्टात आकडा होता अठ्ठावीस. शेजारी शब्द होता: मध्यम. सहा महिन्यांनी दाखवा.

रिक्षात मी अक्षरशः हसत होते. अठ्ठावीस! आणि तो अकोट्याचा शहाणा छाती उघडायला निघाला होता. घरी पोचायच्या आधीच डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला: चित्र पाहून चिरू नका. मला गुन्हेगार सापडला होता. एकाच माणसाचं एकच हृदय, तपासण्यांत आठवड्याचंही अंतर नाही, आणि आकड्यांत एवढी तफावत. म्हणजे एकजण खोटं बोलतोय, आणि ज्याला ऑपरेशन करायचंय तोच खोटं बोलणार, यात विचार काय करायचा?

बाबांना मात्र गुन्हेगार नको होता. त्यांना मधला आकडा हवा होता.

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एक सिमेंटचं बाकडं आहे. संध्याकाळी तिथे तीन निवृत्त माणसं बसतात: बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी काका, आणि बँकेत आयुष्य काढलेले आमच्या खालच्या मजल्यावरचे गुजराती काका. जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल तिथे लागतो. मी ऑफिसातून परत येत होते तेव्हा दोन्ही रिपोर्ट बाकड्यावर पसरलेले होते आणि वर वजन म्हणून बँकवाल्या काकांचा चष्म्याचा डबा ठेवला होता.

"हे बघा," बाबा सांगत होते, "एका लाइनवर दोन गेज, दोघांचं पटत नाही. मग काय करायचं? प्लँट बंद करायचा? नाही. दोन्हींची सरासरी धरायची, शिफ्ट चालवायची, पुढच्या शटडाऊनला दोन्ही काढून तपासायचे. आम्ही जन्मभर हेच केलं, एकदा काही उडालं नाही. अठ्ठावीस आणि सेहेचाळीस, भागिले दोन. सदतीस. चाळीसच्या खाली."

"बस, तो पछी पास थई गया!" बँकवाले काका म्हणाले. "ग्रेस मार्क पण लागला नाही."

रेल्वेवाले काका जरा साशंक होते. "पण तुला दम लागतो त्याचं काय?"

"वयाने लागतो. तुला लागत नाही?"

"मला लागतो तेव्हा मी बसतो. तू फोन काढतोस."

बाबांनी रिपोर्टांवरचा चष्म्याचा डबा सरळ केला. म्हणजे जिन्यातलं ते नाटक आख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. मग त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "काय गं, तुझं काय म्हणणं?"

माझं म्हणणं असं होतं की अठ्ठावीस खरा आणि सेहेचाळीस खोटा. पण बाकड्यावर ते सदतीस ऐकलं आणि मला काहीतरी टोचलं. खरं आणि खोटं यांची सरासरी कशी काढणार? चोरी झाली म्हणणारा एक आणि झाली नाही म्हणणारा एक, म्हणून अर्धी चोरी झाली, असं कुणी म्हणतं का? बाबांचं गणित मला पटेना. आणि ते पटत नाही म्हटल्यावर माझं स्वतःचं तरी कशाच्या आधारावर उभं होतं? मला हवा तो आकडा मला आवडला होता, एवढंच. पत्रकातली दुसरी ओळ, पुराव्याची, माझ्याकडे नव्हती. आणि हे पत्रक चुकलं तर फेकून देण्यासारखं नव्हतं. झडप खरोखर गंभीर असेल आणि आम्ही सदतीसवर खूश होऊन सहा महिने बसलो तर एखाद्या दिवशी बाबा जिन्यात थांबतील आणि परत चालायला लागणार नाहीत. गंभीर नसेल आणि आम्ही घाबरून होकार दिला तर एका धडधाकट माणसाची छाती उगाच उघडली जाईल. दोन्हींत मधला रस्ता नव्हता.

आमच्या गटाच्या सभांना अधूनमधून एक हृदयतज्ज्ञ बाई येतात. स्वभावाने तिखट, म्हणून आमचं जमतं. एकदा भर सभेत त्यांनी माझ्या पत्रकातल्या तीन चुका काढल्या होत्या आणि चौथी चूक घरी जाऊन शोध म्हणाल्या होत्या. त्यांचा स्वतःचा छोटा दवाखाना आहे. मी फोन केला. "दोन्ही रिपोर्ट आण, आणि वडिलांना आण," त्या म्हणाल्या. "तू आली नाहीस तरी चालेल."

आईसकट आम्ही तिघेही गेलो. सकाळची वेळ होती, बाहेर मोजकीच माणसं. बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. मी वाट बघत होते की आता त्या अकोटेवाल्यांना शिव्या देतील. त्यांनी आकड्यांकडे फारसं पाहिलंच नाही. बाबांना विचारलं, "काका, तपासताना तुम्हाला कुठल्या कुशीवर झोपवलं होतं?"

त्या गुजराती, आम्ही मराठी. बोलणं दोन्हींत आणि मधेच हिंदीत चालू होतं. बडोद्यात याने कुणाचं काही अडत नाही.

बाबांना सगळं नीट आठवत होतं. यंत्राजवळ त्यांना झोपवलं की ते यंत्राकडेच बघत बसतात. "हरणीला डाव्या कुशीवर. अकोट्यात आधी डाव्या, मग उताणं, मग उजव्या. उजव्या कुशीवर बराच वेळ. तो माणूस इथे, बरगडीच्या उजव्या बाजूला, दाबून दाबून शोधत होता. दुखलं."

"हं," बाई म्हणाल्या.

"हं म्हणजे काय?" मी.

"हं म्हणजे तू थांब." त्यांनी बाबांकडे खुर्ची वळवली. "काका, हायवेवर पोलीस स्पीड गन घेऊन उभा असतो, बघितलाय?"

"दंड भरलाय."

"मग तुम्हाला लवकर समजेल. गाडी सरळ त्याच्या दिशेने येत असेल तर त्याला खरा वेग दिसतो. तो रस्त्याच्या बाजूला तिरका उभा असेल तर वेग कमी दिसतो. जितका तिरका, तितका कमी. आमच्या मशीनचंही तेच. झडपेच्या फटीतून रक्ताची धार सुटते. फट जितकी बारीक, धार तितकी वेगात, आणि वेगावरून दाबाचा फरक निघतो. पण धार कुठल्या दिशेने सुटलीय ते प्रत्येकाचं वेगळं. आम्ही धारेच्या नेमकं समोर आलो तर खरा आकडा. तिरके राहिलो तर कमी."

बाबा थोडे पुढे सरकले. "म्हणजे हा गेज चुकला तर कमीच दाखवणार? जास्त कधीच नाही?"

"जवळजवळ कधीच नाही. चुकून शेजारची दुसरी धार पकडली तर जास्त दिसू शकतं, ते तपासून घ्यावं लागतं. पण नेहमीची चूक एकाच बाजूला होते. खाली."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कारखान्यातला गेज दोन्ही बाजूंना चुकतो, कधी वर, कधी खाली. म्हणून तिथे सरासरी चालते, वरची चूक खालच्या चुकीला खाऊन टाकते. हा गेज एकाच बाजूला चुकत होता. तिथे सरासरी काढली की चूक जात नाही, अर्धी होऊन आत राहते. हे त्यांना माझ्या आधी समजलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असला गेज आम्ही भंगारात टाकला असता," ते म्हणाले.

"भंगारात टाकायच्या आधी नीट लावून बघू या."

"त्यापेक्षा आत नळीच घाला ना. हाताच्या शिरेतून घालतात ती. खरा गेज, खरं प्रेशर. कटकट मिटली."

हे ऐकून मी जवळजवळ उठलेच. गरज नसताना नळ्या घालण्याविरुद्ध आमचं सगळ्यात जास्त वाटलेलं पत्रक आहे, आणि इथे माझेच वडील नळी मागत होते. बाईंनी मला हातानेच बसवलं. "घालता येते, काका. पूर्वी सर्रास घालायचे. पण तुमच्या त्या कडक झडपेतून नळी पलीकडे न्यायची म्हणजे चुन्याचा कण सुटून मेंदूकडे जाण्याची भीती, लहान का असेना. बाहेरून नीट दिसत असेल तर आत कशाला शिरायचं? बाहेरून बघून पटलं नाही, आकडा एक सांगतोय आणि तब्येत दुसरंच सांगतेय, असं झालं तर मग बघू."

"तब्येत ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

आईने छताकडे बघितलं.

तपासणी बाईंनी स्वतःच केली. आम्हा दोघींना आत थांबू दिलं. खोलीत अंधार, पडद्यावर राखाडी रंगात काहीतरी उघडझाप करणारं. आई ते बघून म्हणाली, "हे यांचं?" आणि पदर तोंडाला लावून बघत राहिली. सत्तेचाळीस वर्षं ज्या माणसाचा स्वयंपाक केला त्याचं हृदय ती पहिल्यांदा बघत होती. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "केवढी धावपळ करतंय बिचारं."

बाबा डाव्या कुशीवर होते. बाईंनी एक बटण दाबलं आणि यंत्रातून आवाज यायला लागला. जाडाभरडा, दर ठोक्याला एकदा. घुश्श. घुश्श. पडद्यावर पांढरे बुटके डोंगर उमटत गेले. "हरणीला एवढंच बघितलंय," बाई म्हणाल्या. "इथून मलाही तिसाच्या आतच मिळतंय. ते खोटं बोलले नाहीत."

मग म्हणाल्या, "जमणे पडखे फरो, काका."

बाबा उजव्या कुशीवर वळले. वळताना त्यांना दम लागला आणि त्यांनी तो नाकाने सोडायचा प्रयत्न केला. बाईंनी छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या बाजूला यंत्राची पेन्सिलीसारखी दांडी टेकवली आणि शोधायला लागल्या. आधी नुसतीच खरखर. दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे. "श्वास सोडा. अजून. आता घेऊ नका." खरखर. परत श्वास. परत तसंच.

आणि मग आवाज बदलला. घुश्श राहिलं नाही. बारीक, उंच, धारदार शीळ झाली, प्रत्येक ठोक्याला. पडद्यावरचे डोंगर एकदम उंच चढले, टोकं स्पष्ट. बाईंचा हात जागच्या जागी थिजला. "बस. हवे हलता नहीं."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना पडदा दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होतं. त्यांचा वरचा खांदा सैल पडला. मग ते भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "हे बारीक भोकातून जोरात जातंय."

"हो, काका."

"फार जोरात जातंय."

"हो."

एकोणपन्नास. बाईंनी तीन-चार ठोक्यांवर परत परत मोजून बघितलं, शेजारची दुसरी धार नाही याची खात्री केली. तेवढाच आला. "यातला सगळ्यात वरचा, नीट मिळालेला आकडा धरायचा," त्या कागदाने बाबांच्या छातीवरची जेल पुसत म्हणाल्या. "सरासरी काढायची नाही. अकोट्याच्या डॉक्टरने मेहनत घेतली होती. बोलायला कंजूस, पण हात चांगला आहे."

मला राग आला, आणि तो नक्की कुणावर ते कळायला जरा वेळ लागला. अकोटेवाल्यावर नाही, म्हणजे तपासणीसाठी नाही. हरणीच्या माणसावरही नीटसा येईना. नंतर मी एकटीच हरणीला गेले होते, भांडायलाच. त्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि दार उघडून बाहेरचा जिना दाखवला. जिन्यात बसलेली माणसं. "प्रत्येकाला उजव्या कुशीवर वळवून शोधत बसलो तर निम्मे आज परत जातील. तुम्ही सांगा, कोणाला परत पाठवू?" मी म्हटलं, कुणालाच नाही, पण रिपोर्टवर तरी लिहा की एकाच बाजूने बघितलंय. ते म्हणाले, तशी जागाच नाही छापील कागदावर. हे मला अजून सहन होत नाही. आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तो कसा आला, किती बाजूंनी बघितलं, कमी असण्याची शक्यता किती, याला जागा नाही. सुई टोचली नाही, रक्त आलं नाही, म्हणून लोक समजतात काही चुकलंच नाही. ज्याने अठ्ठावीस घेतले तो घरी जाऊन पेढे वाटतो. चित्र पाहून चिरू नका हा मथळा मी फाडून टाकला. आता जे पत्रक वाटतो त्यात एकच प्रश्न आहे, मोठ्या टायपात, गुजरातीत: मला दोन्ही कुशींवर वळवून बघितलं का? गटातल्या एकाला तो प्रश्न हास्यास्पद वाटतो. वाटू दे.

पण ते नंतरचं. त्या सकाळी आम्ही परत बाईंच्या टेबलाशी बसलो होतो. बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं उघडीच ठेवली होती, लावायचं विसरले होते. असं ते कधी विसरत नाहीत.

"आता एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "आकडा गंभीर आहे. पण झडप आत्ता बदलायची की अजून थोडं थांबून लक्ष ठेवायचं, हे तुम्हाला काय त्रास होतो त्यावरही ठरतं. म्हणून खरं सांगा. दम लागतो?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. आईच्याही. आईने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

समोर हृदयाचं एक प्लास्टिकचं मॉडेल होतं, त्याचा एक तुकडा निघत होता. बाबा तो काढत होते, परत बसवत होते.

"लागतो," ते म्हणाले. "बूट घालायला वाकलो तरी लागतो. म्हणून सँडल घेतल्या."

आई त्यांच्याकडे बघायला लागली. त्या सँडल तिनेच त्यांच्याबरोबर जाऊन घेतल्या होत्या, रंग तिने निवडला होता.

"छातीत दुखतं?"

"नाही."

"कधी चक्कर? डोळ्यांपुढे अंधारी?"

तुकडा बसत नव्हता. बाबांनी तो टेबलावर ठेवला. "एकदा पडलो होतो."

"कुठे?" हे आई, डॉक्टर नाही.

"बँकेच्या पायऱ्यांवर. दिवाळीच्या आधी. पासबुक भरून बाहेर आलो, वरच्या पायरीवर होतो, आणि पुढचं आठवतं ते खालीच बसलेला होतो. कुणीतरी पाणी दिलं. मी म्हटलं, ऊन लागलं. रिक्षाने घरी आलो."

"मला सांगितलंत, पासबुकाची लाइन मोठी होती म्हणून उशीर झाला," आई म्हणाली.

"लाइनही मोठी होती."

बाई लिहायच्या थांबल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो तसा होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "काका, अशी झडप आणि असं पडणं, हे दोन्ही एकत्र असलं की आम्ही थांबत नाही. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवता येईल का, तेही बघू. पण थांबायचं नाही. पुन्हा पडाल तेव्हा पाणी द्यायला कुणी असेल असं नाही."

बाबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, तू का गप्प आहेस, विचार काहीतरी, एरवी तर भांडतेस. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांचे डोळे फक्त दमलेले होते. किती महिने ते हे एकट्याने सांभाळत होते, पायऱ्या, बूट, जिना, आणि वर आम्हाला दोन रिपोर्टांची सरासरी काढून दाखवत होते.

माझ्याकडे विचारायला बरेच प्रश्न होते. कोण करणार, कुठे करणार, धोका किती, दुसरा पर्याय काय. ते सगळे मी पुढच्या आठवड्यात विचारले, आणि एकही सोडला नाही. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून एकच निघालं: "बाबा, बटणं लावा."

त्यांनी खाली बघितलं आणि बटणं लावली.

आईने टेबलावरचे तिन्ही रिपोर्ट गोळा केले, कडा जुळवल्या आणि बाबांच्या फायलीत न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवले. पिशवीची चेन ओढून घेतली. मग खुर्ची पुढे सरकवून ती बाईंना म्हणाली, तिच्या त्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, जी ती फक्त भाजीवालीशी बोलते, की यांना आता काही विचारू नका, तारीख मला सांगा.